आप्पांचा हॉलंडचा विचार

निपाणीच्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत गावभर हिंडलो. प्रत्येक घरमालक मला अगत्यानं कट्ट्यावर बसवायचा, गाव विचारायचा, मी बेळगुंदी म्हटलं की तिकडच्या भातपिकाची चौकशी करायचा आणि मग सहज सुचल्यासारखं आडनाव विचारायचा. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. एका घरमालकाचा तर त्याच क्षणी कोल्हापूरहून भाचा यायचा ठरला. त्या महिन्यात निपाणीत इतके भाचे येणार होते की गावाला पाणी पुरेल का, अशी मला काळजी वाटू लागली.

आप्पांनी आडनाव विचारलंच नाही. ते दारात वेताच्या खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होते आणि मी समोर उभा होतो. त्यांनी हातानंच ‘थांबा’ म्हणून खुणावलं. त्यांचा चहा संपेपर्यंत समोरच्या तंबाखूच्या वखारीत एक अख्खा ट्रक रिकामा झाला. ठसक्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं,

“सकाळी घाई असते का तुम्हाला?”

“शाळा अकराला भरते,” मी म्हणालो.

“शाळेचं न्हाय विचारत. स्वभावानं?”

“फारशी नसते.”

“मग राहा. मागचा भाडेकरू जिना धावत उतरायचा. मला लई त्रास व्हायचा बघायला.”

आतून आक्का चहा घेऊन आल्या. आक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी. गल्लीतलं सगळं लहानथोर त्यांना आक्काच म्हणायचं. चहा घरातल्या कपात होता, त्यांच्या स्वतःच्या कपाच्या जोडीतला. मी तो कप बराच वेळ नुसता हातात धरून बसलो. आप्पांना वाटलं, हा मुलगा चहा सावकाश पितो. त्यांचं माझ्याविषयी चांगलं मत झालं ते शेवटपर्यंत टिकलं.

आप्पा कालव्याच्या कामावरून निवृत्त झालेले. ओव्हरसियर म्हणून लागले आणि सगळी नोकरी एकाच कालव्याच्या शेवटच्या टोकाला काढली. कालव्याचा तो भाग त्यांनी आखला, खणून घेतला, दगडांनी बांधून घेतला. तिथं पाणी तेवढं आलं नाही. दरवर्षी ते पुढच्या वर्षी यायचं असायचं. वरच्या अंगाला कुठं जिरायचं, कुठं कुणी वळवून घ्यायचं, आणि आप्पांच्या शेवटच्या मैलांत आसपासच्या खेड्यांतली पोरं क्रिकेट खेळायची. निरोपसमारंभात वरिष्ठांनी भाषणात सांगितलं की यांच्या भागात कालवा एकदाही फुटला नाही. ते अगदी खरं होतं.

आप्पांना याचं काही वाटत नव्हतं. “मैलाला फूटभर उतार दिलाय,” ते सांगायचे. “वरनं पाणी सुटलं की येणारच. कुठं जातंय?” हा फूटभर उतार त्यांना सगळीकडं दिसायचा. शेजारचं लग्न मोडलं तर पोरीच्या बापानं उतार जास्त दिला म्हणायचे. माझ्या वर्गाचा निकाल वाईट लागला तेव्हा मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही धो धो सोडता. पोरांच्यात मुरत न्हाय. जरा उतार कमी करा.” मी कमी केला. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमच संपला नाही.

सावकाशपणा हा त्यांचा छंद होता, व्यायाम होता आणि माझ्या मते धर्मही होता. अर्धी दाढी करून ते पेपर वाचायचे आणि मग उरलेली दाढी करायचे. मधे कुणी भेटायला आलं तर तसेच बाहेर यायचे आणि पाहुणा बोलताना कुठल्या गालाकडं बघावं या विचारात पडायचा. रस्त्यानं चालताना त्यांना बैलगाड्या मागं टाकायच्या. बैल वळून बघायचे असं गल्लीतले लोक सांगत. ते मी पाहिलेलं नाही.

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या खेळांना मी त्यांना पाहुणे म्हणून घेऊन गेलो. सावकाश सायकल चालवायची शर्यत होती, शेवटी पोहोचेल तो जिंकणार. आप्पांनी फक्त शिट्टी वाजवायची होती. त्यांनी शिट्टी पी.टी.च्या मास्तरांकडं परत दिली आणि एक सायकल मागून घेतली. मुलं एकेक करून पाय टेकत होती, नाहीतर पुढं निघून जात होती. आप्पा निघालेच नाहीत असं वाटत होतं, पण नीट पाहिलं की चाक फिरताना दिसायचं. बाकीच्या शर्यती आटोपल्या, बक्षिसं वाटून झाली, वंदे मातरम् झालं. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पाहुण्यांना कुणीतरी उतरवा हो.”

अशा माणसाच्या आयुष्यात हॉलंड आलं ते कालव्यामुळंच.

काम चालू असताना तिकडून एक इंजिनिअर पाहणीला आला होता. थोडे दिवस तो साइटवर आप्पांच्या शेजारच्या तंबूत राहिला आणि आक्कांच्या हातचं थालीपीठ-लोणी खाऊन खूष झाला. त्यानं बोलता बोलता सांगितलं की त्याची स्वतःची एक लांबलचक जुनी बोट आहे. पूर्वी तिच्यातून धान्य जायचं, आता आत घरासारख्या खोल्या केल्यात. दर उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको त्या बोटीतून कालव्याकालव्यानं हिंडतात. बोट जाते माणूस चालतो तेवढ्या वेगानं, त्याहून जास्त नाही.

“मग दिवसभर बघता काय?” आप्पांनी इंग्रजीत विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

या उत्तरानं आप्पा जिंकले गेले. पृथ्वीच्या पाठीवर असा एक देश आहे, जिथं कालव्यांत पाणी असतं आणि माणसं त्यावरून काहीही न बघता सावकाश जातात, हे त्यांना नोकरीतल्या सगळ्या बढत्यांहून मोठं वाटलं. त्या साहेबानं एक फोटो दिला होता. बसकी, लांब बोट, छपरावर फुलांच्या कुंड्या, एक सायकल, आणि पुढच्या बाजूला मटार सोलत बसलेली एक लठ्ठ मेमसाहेब. तो फोटो सोप्यात देवांच्या तसबिरींशेजारी लावला होता. नवखा माणूस नमस्कार करताना तिलाही हात जोडायचा.

दर नाताळला साहेबाचं कार्ड यायचं. उन्हाळ्यात बोट मोकळी आहे, तुम्ही दोघं केव्हा येता? आप्पा उलट टपालानं कळवायचे : विचार चालू आहे.

आणि तो खरोखरच चालू असायचा. दिवेलागणीच्या सुमाराला दोघं कट्ट्यावर बसायची आणि हॉलंडचा विचार करायची. मी वरच्या खोलीत वह्या तपासताना तो रोज ऐकायचो.

“वीस वर्षं कॅनॉलवर तंबूत काढली मी,” आक्का म्हणायच्या. “विंचू बघितलं, साप बघितलं. आता सुट्टीबी कॅनॉलवरच?”

“त्या कॅनॉलात पाणी असतंय.”

“पाणी काय आमच्या बोरगावात न्हाय व्हय? नदी हाय की.”

“नदी निराळी. नदीला शिस्त न्हाय.”

“चूल कुठं असती बोटीत?”

“गॅस असतोय.”

“आणि आंघोळीचं पाणी जातंय कुठं?”

इथं आप्पा जरा थांबायचे. “त्याचा विचार केला पाहिजे,” म्हणायचे. की त्या दिवसापुरता विचार संपला.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी कोण घालणार हा प्रश्न निघायचा. तिसऱ्या दिवशी, बोट चालतीच आहे तर शेजारपाजार कुठला धरायचा. गल्लीलाही त्या विचाराची सवय झाली होती. समोरच्या शिंप्यानं आप्पांना हॉलंडसाठी एक लोकरी कोट शिवून दिला. तो आधी अंगाला घट्ट झाला, मग पुन्हा बरोबर झाला आणि पुढं सैल होऊ लागला, तरी आप्पा निपाणीतच होते. पानपट्टीवर कुणी म्हणायचं, बेळगाव कुठल्या राज्यात जाणार ते आधी ठरतंय का आप्पा हॉलंडला आधी जातात, लावा पैज. पैज कुणी लावत नसे. दोन्हीकडून हरायचीच भीती होती.

पासपोर्ट मात्र त्यांनी काढायला घेतला. विचार करायला हाताशी असावा म्हणून, असं ते म्हणाले. चौकशीला कॉन्स्टेबल घरी आला तो दिवस मला आठवतो, कारण मलाही साक्षीदार म्हणून खाली बोलावलं होतं. कॉन्स्टेबलनं कानडीत विचारलं, “यदक्क होगतीरी?” कशासाठी जाताय, एवढंच त्याला हवं होतं. आप्पांचं कानडी नोकरीत घोटून तयार झालेलं, पण त्यांनी इतका वेळ घेतला की त्यांना समजलं नसावं असं वाटून तो मराठीवर आला.

“कशाला जाणार तिकडं?”

“कॅनॉल बघायला.”

“आपल्यात न्हाईत व्हय कॅनॉल?”

“हायत की. त्यात पाणी न्हाय.”

कॉन्स्टेबलनं लिहिणं थांबवलं. “सरकारच्या विरुद्ध बोलताय?”

“छे हो. सरकारच्याच बाजूनं जन्मभर खणलंय.”

“सीमाभागाच्या कुठल्या चळवळीत हाय का नाव?”

आप्पांनी यावर मनापासून विचार केला. “मी कुठल्याच चळवळीत न्हाय,” ते म्हणाले. “मला हलायलाच येळ लागतोय.”

आक्का आतून चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, “अवो पोलीस, ह्यांच्याकडनं चळवळ झाली असती तर आम्ही कवाच जाऊन आलो नसतो का?”

दोघांचेही पासपोर्ट आले. आप्पांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि कपाटात ठेवले.

असं चालत राहिलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एका दसऱ्यानंतर आक्कांनी कट्ट्यावर एक नवीनच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, “एवढं बोटीचं चाललंय, तुम्ही कधी पाण्यात बसलाय का? आमच्या बोरगावला चला. आण्णाला सांगती. काईल टाकू पाण्यात. आधी तिच्यात बसून दावा, मग हालंडचं बोला.”

काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी कढई. नदीकाठच्या गावांत पूर आला की तीच होडी होते. गोल असल्यामुळं ती पुढं जाण्याआधी स्वतःभोवती फिरून घेते. आण्णा म्हणजे आक्कांचे भाऊ. त्यांचं गुऱ्हाळ होतं, आणि हंगाम अजून सुरू व्हायचा असल्यानं एक जुनी काहील रिकामी होती.

आप्पांनी नेहमीसारखं “विचार करू” म्हटलं. पण आक्कांनी त्याच रविवारची एसटी धरली आणि साक्षीदार म्हणून मलाही बरोबर घेतलं.

दूधगंगा त्या दिवशी शांत होती. गढूळपणा खाली बसून पाणी हिरवट झालं होतं. आप्पा लोकरी कोट घालून आले होते. काठावर ते बराच वेळ उभे राहिले. आण्णांनी विचारलं, “काय बघताय, दाजी?” तर म्हणाले, “उतार.” शेवटी आण्णांनी आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना काहिलीत बसवलं. आक्का समोर बसल्या. आण्णांनी आत चढून बांबूनं काहील काठापासून ढकलली आणि ती ठरल्याप्रमाणं फिरली.

मी आप्पांना रागावलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात काहिलीच्या काठावर होते आणि बोटं पांढरी पडली होती. ते ओरडले वगैरे नाहीत. अगदी हळू आवाजात, ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, “आण्णा, मला काठाला घ्या.”

आण्णा हसत होते. आक्कांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, “घे मागं. हसू नको.”

आप्पा खाली उतरून एका कोरड्या दगडावर बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, “मास्तर, ढोपराच्या वर पाणी मला सोसत न्हाय. ल्हानपणापासनं.”

“पण तुम्ही तर कालव्यावर...”

“म्हणूनच की. पुलाच्या कामावर घालणार हुते मला, नदीत. मी कॅनॉल मागून घेतला. कॅनॉलात पाणी यायला वर्षं लागत्यात, हे ठाऊक हुतं. माझं सगळं काम कोरडं.”

“मग हॉलंडचं काय?”

“जाणार असं कुठं म्हटलं हुतं मी?” ते जरा दुखावून म्हणाले. “विचार करतोय म्हटलं हुतं.”

मग मला समजलं की इतकी वर्षं आक्कांच्या चुलीनं, तुळशीनं आणि आंघोळीच्या पाण्यानं आप्पांना सांभाळलं होतं. त्या नको म्हणत होत्या, म्हणून त्यांना हवं म्हणता येत होतं.

तेवढ्यात नदीवरून हसण्याचा आवाज आला. आक्कांनी आण्णांना खाली उतरवलं होतं, पदर खोचला होता आणि बांबू स्वतःच्या हातात घेऊन काहील पात्राच्या मधोमध नेली होती. काहील फिरत होती आणि आक्का तिच्याबरोबर फिरत होत्या, उभ्यानं, बांबू कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला टाकत. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मी त्यांना चुलीपाशी पाहिलं होतं, कट्ट्यावर पाहिलं होतं. ही बाई मी पाहिलेलीच नव्हती.

“पुरात अशीच जायची,” आण्णा म्हणाले. “आमचा बा काठी घेऊन उभा असायचा काठावर, परत येऊ दे म्हणून. लगीन झालं, कोरड्यावर गेली.”

परतीच्या एसटीत निपाणी जवळ आली तेव्हा आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मी जाणार.”

“कुठं?” आप्पांनी विचारलं.

“हालंडला. तुम्हाला यायचं असलं तर या.”

यानंतर कट्ट्यावरचा विचार उलट्या दिशेनं वाहू लागला. आप्पा म्हणायचे, चूल नसते. आक्का म्हणायच्या, गॅस असतोय, तुम्हीच सांगितलंय. आप्पा म्हणायचे, तुळस वाळेल. आक्का म्हणायच्या, मास्तर घालतील पाणी, मी विचारलंय. मला खरंच विचारलं होतं. एकदा आप्पांनी काकुळतीला येऊन आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न काढला. आक्का म्हणाल्या, “जाईल उतारानं.”

माहेरच्या जमिनीतला आपला वाटा त्यांनी भावाला विकून टाकला आणि तिकिटांची सोय केली. साहेबाला मी त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत कळवलं की विचार झाला. आक्का एकट्या गेल्या असत्या का, हे मला सांगता येणार नाही. त्या तशा म्हणत होत्या खऱ्या. पण आदल्या आठवड्यात त्या एका दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या आणि मी वर जाताना म्हणाल्या, “मास्तर, मी एकटी गेली तर लोक ह्यांना हसतील. न्हाय गेली तर मी उरलेला जन्म ह्यांच्यावर रागवून काढीन. कुठलं बरं?”

आप्पा आले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही. निघायच्या सकाळी कोट घालून ते सगळ्यांच्या आधी दारात उभे होते, आणि दोन्ही गालांची दाढी झालेली होती. गल्लीतल्या काही उत्साही मंडळींनी त्यांना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंत पोहोचवलं. नाक्यावर एसटी थांबली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “आप्पा, हितनं परदेश सुरू.” आप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि निपाणीकडं अशा नजरेनं पाहिलं की चेष्टा करणारे गप्प झाले.

ते दोघं परत आले तेव्हा सोपा माणसांनी भरून गेला. आप्पा वेताच्या खुर्चीवर बसले होते. रंग काळवंडला होता, अंग बारीक झालं होतं, पायांत जाड तळाचे परदेशी बूट होते. आक्का मधे बसल्या होत्या. शिंप्यानं विचारलं, “आप्पा, कशी हुती बोट?”

आप्पा म्हणाले, “ते तिला विचारा.”

आणि मग सगळं आक्कांनी सांगितलं. पहिल्या सकाळी साहेबानं हात देऊन आप्पांना फळीवर घेतलं. फळीवरून आप्पांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, मागं फिरले आणि साहेबाला इंग्रजीत म्हणाले की मी आधी बांधाची पाहणी करतो. कालव्याच्या कडेनं वाट होती. पूर्वी बोटी घोडे ओढायचे म्हणे, त्यांची वाट. बोट सुटली, आप्पा त्या वाटेनं चालू लागले.

“मला वाटलं, दुपारपर्यंत चालतील,” आक्का म्हणाल्या. “सगळी सुट्टी चालले.”

सोपा हसला. आप्पा बुटांकडं बघत होते.

“रोज?” कुणीतरी विचारलं.

“रोज. बोट बांधली की वर यायचे, जेवायचे, झोपायचे. बूट घालूनच. सकाळी दोर सोडायच्या आत खाली. साहेबाला वाटायचं, ह्यांना आमचा बांध लई आवडला. मेमसाब पोळीला लोणी लावून काठावर फेकायची, हे झेलायचे.”

“आणि तुम्ही?”

“मी बोट चालवायची.” आक्कांनी हे भाजी आणायची म्हणावं तसं सांगितलं. “मेमसाबनं शिकवलं. दांडा हाय मागं, उजवीकडं जायचं तर डावीकडं दाबायचा. काईल येतीया त्याला सोपं हाय.”

एके ठिकाणी वाट संपली होती आणि पलीकडच्या काठाला सुरू होत होती. पूल फार पुढं होता. तिथं आप्पांना बोटीत घ्यावंच लागलं. तेवढं पाणी ओलांडेपर्यंत ते डोळे मिटून आक्कांच्या पदराचं टोक धरून बसले. हे आक्कांनी सांगितलं तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो, पण आक्का हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “पण बसले.”

मग त्यांनी दारांचं सांगितलं. तिकडं कालव्यात मोठाली लाकडी दारं असतात. दोन दारांच्या मधे बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, आत पाणी सोडायचं, की बोट वर चढते आणि पुढचं दार उघडतात. एका दारावरच्या म्हाताऱ्यानं आप्पांना चाक फिरवायला दिलं. आप्पांनी चाक फिरवलं आणि खालून पाणी आलं.

“बघतच ऱ्हायले हे,” आक्का म्हणाल्या. “बोट वर आली, दार उघडलं, आम्ही निघालो, तरी तिथंच. पाठीमागं दुसरी बोट हुती, तिच्यासाठी परत चाक फिरवलं. मग तिसरीसाठी. साहेब म्हणाला, बोलवा त्यांना. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. जन्मात पयल्यांदा आलंय पाणी.”

या वेळी सोप्यात कुणी हसलं नाही. आप्पा उठले आणि पान खायचं निमित्त काढून बाहेर गेले. मी थोड्या वेळानं त्यांच्यामागं गेलो. वखारी बंद झाल्या होत्या, तंबाखू चाळून परतणाऱ्या बायका घोळक्यानं चालल्या होत्या. आप्पा कट्ट्याला टेकून उभे होते.

“फार चालावं लागलं तुम्हाला,” मी म्हणालो.

“काय न्हाय. सपाटी हाय तिकडं.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “मास्तर, लोक हसत्यात त्याचं मला काय वाटत न्हाय. बोटीत बसलो असतो तर मला नुसतं पाणी दिसलं असतं. काठावरनं ती दिसत हुती.”

ते बुटाची टाच कट्ट्याला घासत राहिले.

“मेमसाबची टोपी घातली हुती तिनं, गवताची. पातळ वर खोचलेलं. दांडा धरून उभी असायची, आणि तोंडातल्या तोंडात कायतरी म्हणत असायची. काय म्हणती ते ऐकू यायचं न्हाय. नोकरीत मी दिवसभर बांधावर, ती तंबूत. रिटायर झालो तर कट्ट्यावर दोघं शेजारी शेजारी बसतोय, म्हणजे तोंड रस्त्याकडं. एवढं सलग बघितलंच नव्हतं तिला कधी.” मग त्यांनी घाईनं, मी त्यांना पहिल्यांदाच घाई करताना पाहिलं, माझा दंड धरला. “हे आत सांगू नका. परत जाऊया म्हणंल.”

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला खाली गेलो आणि आक्कांना सगळं सांगून टाकलं.

आक्का भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, तिला पाणी लावून झाल्यावर म्हणाल्या,

“ठाऊक हाय मला. दोनदा झाडाला धडकले की.”